वाटीच्या मागं काय असतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की तीस वर्षं ॲनाटॉमी शिकवली पण गुडघा नीट शिकवायला जमेपर्यंत त्यातली दहा गेली, तर त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की संपादक म्हणाले, सर ह्या वेळी नुसता गुडघाच घ्या. घेतलाय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि ज्यांनी एमआरआयचे फोटो पाठवून "ऑपरेशन करू का" विचारलंय त्यांनी कृपया आपल्या हाडांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी आयुष्यभर मेलेल्या माणसांचे गुडघे बघितलेत, जित्या माणसाला सल्ला देणं माझं काम नाही.

प्रश्न: सर, मी परभणी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. लॅबमध्ये एक सांगाडा आहे, त्याला डावा पाय गुडघ्यापासून खाली नाहीच. मॉडेल मागितलं तर बजेट नाही. पुस्तकात "गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा" एवढी एक ओळ, लेकरं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. गुडघा शिकवायचा कसा?

सांगाड्याला डावा पाय नाही पण वर्गात साठ लेकरं असतील तर एकशेवीस गुडघे आहेत की तुमच्याकडं, आणि तेही हलणारे! सुरुवात तिथूनच करा. फळ्यावर काहीच काढू नका. सगळ्यांना बाकावर बसवा, प्रत्येकानं आपापल्याच गुडघ्यावर हात ठेवायचा, दुसऱ्याच्या नाही, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पोरापोरींचा संकोच राहत नाही, आणि पँट-सलवारीवरून सगळं लागतंय हाताला, कपडा वर करायची गरज नाही.

आधी पाय समोरच्या बाकावर सरळ ठेवायला सांगा, मांडी एकदम ढिली. आता वाटी दोन बोटांत धरून इकडं तिकडं हलवा. हलते. मग म्हणा, मांडी आवळा. वाटी जागच्या जागी घट्ट! इथं वर्गात हमखास "अरे!" असा आवाज येतो, कारण जन्मापासून ती तिथंच आहे पण कुणी हलवून बघितलेली नसते. म्हणजे वाटी ही मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, बसवलेलं हाड आहे, हे तुम्ही न सांगता त्यांना कळलं. टेंडनच्या आत तयार होणाऱ्या हाडांना सेसमॉइड म्हणतात, सेसमॉइड म्हणजे तिळासारखं, आणि शरीरातला सगळ्यात मोठा तीळ म्हणजे ही वाटी.

वाटीखाली जाड पट्टा लागतो, तो धरून खाली आलं की नडगीवर एक उंचवटा. आता गुडघा वाकवा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मऊ खळगे लागतील, दोन्ही अंगठे त्यात ठेवून मागं मागं सरकवा. ती जी चीर लागते तोच सांधा! पोरांना वाटत असतं सांधा वाटीच्या मागं कुठंतरी मधोमध आहे, प्रत्यक्षात तो वाटीच्या खालच्या टोकाच्या आसपास असतो. मग एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पान खाणारी म्हातारी माणसं पारावर बसतात तसं, आणि वर आलेल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चाचपा. ताणलेल्या दोरीसारखं लागतं ते बाहेरचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), एलसीएल. ती दोरी खाली ज्या गोट्यावर जाते ते फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. फिब्युला गुडघ्याच्या सांध्यात येतच नाही, नुसती बाजूला उभी असते, लग्नातल्या करवलीसारखी.

आता तुमची बिजागरी. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात, टाच जमिनीवर टेकलेली, आणि पंजा आत-बाहेर फिरवा. एक हात नडगीच्या त्या उंचवट्यावर ठेवा, तो फिरताना कळतो. दाराची बिजागरी अशी फिरते का? नाही. मग पाय सरळ करून तोच पंजा फिरवा, आता नडगी एकटी फिरत नाही, अख्खा पाय खुब्यातून फिरतो. म्हणजे गुडघा वाकलेला असताना थोडा फिरतो आणि सरळ असताना नाही. परीक्षेत "बिजागरी" लिहू द्या, मार्क त्यालाच आहेत, पण डोक्यात हे राहू द्या.

मग आतलं दाखवायला बकरा. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मागच्या पायाचा गुडघा अख्खा पाहिजे, वर-खाली चार-चार बोटं हाड ठेवून तोड, सांध्यावर सत्तूर मारू नको. तो आधी हसेल, दुसऱ्या वेळी स्वतःहून विचारील. वाटीच्या वरून मांस आडवं कापून वाटी खाली उलटी करायची. तुम्ही पोरांना विचारलेलं असतं वाटीच्या मागं काय असतं, तर तिथं निघतो चरबीचा पिवळट गोळा आणि त्याच्यामागं भिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत पांढरी-निळसर कूर्चा, बोट फिरवलं की सटकन जातं. चरबी बाजूला केली की मधल्या खाचेत एकमेकींना तिरक्या ओलांडणाऱ्या दोन पांढऱ्या दोऱ्या, एसीएल आणि पीसीएल, आणि दोन्ही बाजूंना दोन गाद्या, मेनिस्कस. माणसात असतं तेच, छोट्या मापात. एक फरक मात्र आधीच माहिती असू द्या नाहीतर पोरं अडकवतात: बकऱ्यात बाहेरच्या बाजूला सांध्यातून जाणारा एक जाड टेंडन मांडीच्या हाडाला चिकटलेला असतो, तो पायाची बोटं उचलणाऱ्या स्नायूचा, माणसात तो स्नायू नडगीपासून सुरू होतो, तिथं तुम्हाला असलं काही सापडणार नाही. मला पहिल्या वेळी एका पोरीनं विचारलं होतं आणि मी ठोकून दिलं होतं "लिगामेंट आहे". घरी जाऊन पुस्तक बघितलं, दुसऱ्या दिवशी वर्गात माफी मागितली.

अजून एक. शनिवारी आणलेला गुडघा शनिवारीच संपवा. मी एकदा स्टाफरूमच्या कपाटात विसरलो, मे महिना होता, सोमवारी अख्खा कॉरिडॉर मला शोधत होता.

आणि वर्गात माळकरी घरची लेकरं असतीलच आपल्याकडं, त्यांना जबरदस्ती नको, त्यांच्यासाठी (आणि खरं सांगायचं तर सगळ्यांसाठीच) चपलेचं मॉडेल करा. लाकडी फळीचा एक वीतभर तुकडा, ही नडगीची वरची बाजू. पीव्हीसी पाइपाच्या टोकाला दोन प्लास्टिकचे बॉल शेजारी शेजारी स्क्रूनं बसवा, मध्ये बोटभर फट, हे मांडीचं हाड. जुन्या हवाई चपलेचा तळवा कापून दोन गाद्या: आतल्या बाजूची इंग्रजी सी सारखी उघडी, बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल. कड जाड, मध्याकडं पातळ. आतली गादी कडेनं सगळीकडून फेविकॉलनं चिकटवा, बाहेरची फक्त दोन टोकांना. मग सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, लाल म्हणजे एसीएल, निळी म्हणजे पीसीएल. लाल रंगवलेली फळीच्या पुढच्या भागातून निघून वर, मागं आणि बाहेर जाऊन बाहेरच्या बॉलच्या आतल्या अंगाला. निळी फळीच्या मागच्या भागातून निघून वर, पुढं आणि आत जाऊन आतल्या बॉलला. नावं फळीवरच्या जागेवरून पडलीत, पुढून निघते ती अँटिरिअर, मागून निघते ती पोस्टिरिअर. आता वर्गासमोर कात्रीनं लाल पट्टी कापा आणि फळी पुढं ओढा, टेबलाचा खण उघडावा तशी फळी पुढं येते. डॉक्टर लोक याच तपासणीला ड्रॉवर टेस्ट म्हणतात! निळी कापली तर फळी मागं सरकते. आणि आतली गादी जास्त का फाटते हे विचारायला कुणी उठलं तर मॉडेल पिरगाळून दाखवा, बाहेरची सरकून वाट देते, आतली चिकटलेली असल्यानं दाबात सापडते.

खर्च काय, जुन्या चपलेचा.

प्रश्न: नमस्कार सर, मी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे, मूळ बीड जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. गुडघा समजतो पण नावं लक्षात राहत नाहीत. बाकीच्या मुली फाडफाड म्हणतात, मला व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) शब्दच आठवत नाही. काय करू?

बाळा, ती फाडफाड म्हणणारी नावं इंग्रजी नाहीतच. लॅटिन आणि ग्रीक आहेत, म्हणजे कॉन्व्हेंटवाल्यांनाही ती तेवढीच परकी आहेत, फक्त त्यांना तसं वाटत नाही. आणि गंमत बघ. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली-वाटी. रोममधल्या माणसानं आणि तुझ्या आजीनं एकच नाव ठेवलंय! गॅस्ट्रोक्नेमिअस, केवढा मोठा शब्द, फोड केली तर पायाचं पोट. आपण त्याला काय म्हणतो? पोटरी. मेनिस्कस म्हणजे छोटा चंद्र, चंद्रकोर, एकदा ती गादी हातात घे मग विसरायची नाहीस. कॉन्डाइल म्हणजे बोटाच्या पेराचा उंचवटा, मूठ वळ आणि वरून बघ, मांडीच्या हाडाचं खालचं टोक तसंच दिसतं. टिबिया म्हणजे बासरी. फिब्युला म्हणजे कपड्याला लावायची पिन, नडगीच्या शेजारी लावलेल्या सेफ्टी पिनसारखीच दिसते ती. सार्टोरिअस म्हणजे शिंप्याचा स्नायू, शिंपी मांडी घालून बसायचे त्यावरून. गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाली तीन टेंडन एकत्र येऊन चिकटतात त्याचं नाव बदकाचा पाय, म्हणजे हंसाचा म्हण.

एक छोटी वही कर, डाव्या पानावर नाव, उजव्या पानावर मराठी अर्थ आणि चित्र. व्हायव्हात शब्द अडला तर आधी मराठीत आठव, जीभ मागून येते.

क्रुशिएट, म्हणजे त्या एसीएल-पीसीएलच्या दोऱ्या, त्यातली कुठली कुठून कुठं जाते हे विसरत असशील तर त्याला पाठांतर नको, उजवा हात पँटच्या किंवा ॲप्रनच्या उजव्या खिशात घाल. बोटं खाली, पुढं आणि आत जातात ना, उजव्या गुडघ्यातली एसीएल वरून खाली अगदी तशीच जाते. पीसीएल त्याच्या उलट. परीक्षेत खिशात हात घातला म्हणून कुणी मार्क कापत नाही.

आणि उजवं-डावं आधी ठरवायची सवय लाव. माझ्या एका बॅचला मी रंगीत खडूंनी इतकं सुंदर चित्र काढून दिलं होतं, समोरून बघितलेला उजवा गुडघा, पण ते सांगायचं राहिलं, वर्षाच्या शेवटी अर्ध्या वर्गानं टेबलावरच्या हाडावर एसीएल उलट्या बाजूला दाखवली. चित्र माझं होतं, मार्क त्यांचे गेले.

प्रश्न: आमच्या आईच्या दोन्ही वाट्या बदलल्या लातूरला. आता ती सगळ्यांना सांगते "माझ्या वाट्या झिजल्या होत्या, वंगण संपलं होतं". सर, हे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे का? मी शाळेत शिकवते म्हणून पोरांना काय सांगू?

ताई, आईला काही सांगू नका, तिचं म्हणणं गावाला कळतंय ते पुरे. पोरांना मात्र सांगा, कारण हा "वाट्या बदलल्या" शब्द इतका रुळलाय की मेडिकलला आलेली पोरंसुद्धा पहिले सहा महिने समजतात गुडघा म्हणजे वाटी आणि वाटी म्हणजे गुडघा.

त्या ऑपरेशनमध्ये मुख्य बदलतं ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, म्हणजे दोन्हीवरची झिजलेली पातळ चकती कापून त्यावर धातूची टोपी आणि धातूचा पाट बसवतात, मध्ये चिवट प्लास्टिकची गादी. पूर्ण हाड काढत नाहीत. वाटी बऱ्याच वेळा तीच आईची जुनी असते, काही सर्जन तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचं बटण बसवतात, काही बसवत नाहीत.

वंगणाचं म्हणाल तर निरोगी गुडघ्यातसुद्धा ते एक चमचाभर नसतं, दोन-चार मिली, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट. आर्थ्रायटिसमध्ये उलट गुडघ्यात पाणी वाढून सूज येते हे तुम्ही बघितलं असेल. मुळात जाते ती कूर्चा. तिला रक्तवाहिनी नाही, नस नाही, खाणंपिणं सगळं त्या वंगणातून आणि तेही सांधा हलला, दबला, सुटला तरच आत मुरतं. नस नसल्यामुळं झिजतानाही ती बोंब मारत नाही, दुखायला लागतं ते खालच्या हाडाला आणि आजूबाजूच्या आवरणाला. आणि बहुतेक वेळा आतल्या बाजूची आधी जाते, म्हणून आपल्या आयांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. डिसेक्शनला, म्हणजे देह कापून शिकवताना, असा गुडघा आला की मी पोरांना कूर्चा गेलेल्या जागी नख फिरवायला लावायचो, तिथं हाडावर हाड घासून हस्तिदंतासारखी पॉलिश आलेली असते, लख्ख. एका पोरानं हळूच विचारलं होतं, "सर ह्यो माणूस ह्याच्यावर चालायचा?" होय रे बाबा, चालायचा.

प्रश्न: मी फिजिओथेरपी कॉलेजला नवीन ट्यूटर आहे. गुडघ्याचं लॉकिंग, म्हणजे पाय पूर्ण ताठ होताना गुडघा घट्ट बसतो ते, शिकवताना पोरं गोंधळायलेत. एका पुस्तकात फीमर (मांडीचं हाड) आत फिरतं लिहिलंय, दुसऱ्यात टिबिया (नडगी) बाहेर फिरतं. खरं काय?

दोन्ही खरं. आणि गोंधळ पोरांचा नाही, आपला आहे, आपण पाय जमिनीवर आहे का हवेत हे सांगतच नाही. पाय जमिनीवर घट्ट असेल, म्हणजे उठून उभं राहताना, तर नडगी हलू शकत नाही म्हणून मांडीचं हाड शेवटच्या वीस-तीस अंशांत आत फिरून बसतं. पाय हवेत लटकत असेल तर मांडी बाकावर स्थिर, मग नडगी बाहेर फिरते. बाटलीचं झाकण फिरवा नाहीतर बाटली फिरवा, झाकण बसतंच ना.

हे सांगू नका, मार्करनं दाखवा. पोराला टेबलावर पाय लोंबकळत बसवा. वाटीच्या मधोमध एक ठिपका, नडगीच्या उंचवट्यावर एक ठिपका. वाकलेला असताना दोन्ही साधारण एका रेषेत. आता त्याला स्वतःहून पाय हळूहळू पूर्ण ताठ करायला सांगा. शेवटच्या टप्प्यात खालचा ठिपका बाहेर सरकतो! पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मलाच खरं वाटलं नव्हतं, चार पोरांवर करून बघितलं.

लॉक झालेला गुडघा मांडीच्या स्नायूंना फार ताण न देता उभं ठेवतो, म्हणून एसटीच्या लाइनीत आपण तासभर उभे राहू शकतो. आणि कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे पॉप्लिटिअस, गुडघ्यामागच्या लवणीतला छोटासा तिरपा स्नायू. बाहेरच्या कॉन्डाइलपासून निघतो, नडगीच्या मागं आतल्या बाजूला उतरतो, वाकायला सुरुवात करताना मांडीचं हाड बाहेर फिरवून कुलूप काढतो आणि जाताजाता बाहेरची गादीही मागं ओढून घेतो म्हणजे ती चेंगरत नाही. एवढासा स्नायू पण परीक्षक त्याच्यावर जीव टाकतात. पोरांना सांगा, मागून कुणी गुडघ्यात टिचकी मारली की आपण कोसळतो तो शाळेतला खेळ म्हणजे लॉकच्या विरुद्ध केलेली चोरी. लवणीत आणखी एक विचारतात, वरून खोल जाताना काय काय लागतं: आधी नस म्हणजे नर्व्ह, मग शीर म्हणजे व्हेन, सगळ्यात तळाला हाडाला चिकटून धमनी. म्हणूनच गुडघा निखळला की सर्जन आधी पायाची नाडी बघतो.

प्रश्न: आम्ही शेतकरी माणसं, हिंगोलीकडचे. माझा नातू म्हणतो बैलाचा मागचा गुडघा उलटा असतो. मी म्हणालो देवानं तसाच केलाय. कोण बरोबर?

दोघंही चुकलात, पण नातवानं बघितलं तरी. बैलाच्या मागच्या पायाला मध्यावर जे मागं टोक काढल्यासारखं दिसतं तो गुडघा नाही, ती टाच-घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ कातडीत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढं वाकतो, वाटीसकट. आणि पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो, बैल बसताना आधी टेकवतो तो, ते त्याचं मनगट. म्हणजे बैल चारी पायांनी बोटांच्या टोकावर चालतो, खूर म्हणजे नख. येत्या पोळ्याला बैल धुताना नातवाला पोटाजवळ हात लावून वाटी शोधायला सांगा. बैल ओळखीचा असेल तरच हां.

प्रश्न: सर मी धाराशिवला खो-खोच्या मुलींना कोचिंग देतो. एका मुलीचा गुडघा वळताना "कट्" झाला, दोन तासांत टरारून सुजला. आता बाकीच्या मुली घाबरल्यात. त्यांना गुडघा समजावून सांगू का? सांगितलं तर आणखी घाबरतील का?

आधी त्या मुलीला हाडांच्या डॉक्टरला दाखवलं का? कट् आवाज, लगेच सूज, म्हणजे आत रक्तस्राव, ही एसीएलची नेहमीची गोष्ट. "मुका मार आहे, शेकलं की बसेल" म्हणून चोळणाऱ्याकडं नेऊ नका.

समजावून सांगा, घाबरणार नाहीत. न सांगितल्यानं घाबरतात. चपलेचं मॉडेल वर दिलंय ते मैदानावर न्या. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा जवळजवळ ताठ, आणि वरचं अंग वळतं, ह्या क्षणी लाल पट्टी ताणली जाते. मॉडेलवर गुडघा आत पडू द्या आणि पिरगाळा, पट्टी कशी ताठ होते ते मुली स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते, कारणं बरीच, त्यातलं आपल्या हातातलं एकच: उडी मारून उतरताना गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, एकमेकांवर आपटू न देणं. आरशासमोर नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ काढून प्रत्येकीला तिचं तिचं उतरणं दाखवा. खांबाला वळसा घालताना एका झटक्यात न वळता दोन-तीन लहान पावलांत वळायला शिकवा.

आणि तुमच्याच जिल्ह्याच्या सारिका काळे, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या, त्यांनी आयुष्यभर तेच वळसे घातलेत हेही सांगा मुलींना.

प्रश्न: वडलांची देहदानाची इच्छा आहे. घरात विरोध आहे, लोक म्हणतात पोरं चेष्टा करतात बॉडीची. खरं आहे का? आणि प्रक्रिया काय? (नांदेड)

चेष्टा करणारं पोरगं मी बघितलं नाही असं म्हणणार नाही, एखादं असतं, पहिल्या आठवड्यात, भीती लपवायला. त्याला आम्ही बाहेर काढायचो आणि आत घ्यायचो तेव्हा ते गप्प असायचं. आता बऱ्याच कॉलेजात डिसेक्शन सुरू करायच्या आधी देहाला फुलं वाहून शपथ घेतात. शरीररचनाशास्त्र कायदा १९४९ चा आहे, देहदान आपल्याकडं त्याखाली चालतं. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो, वडलांची आणि जवळच्या नातेवाइकांची सही लागते. पण खरी गोष्ट अशी की वडील गेल्यावर निर्णय घरच्यांच्याच हातात असतो, फॉर्म कपाटात राहतो आणि कुणी फोन करत नाही. म्हणून आत्ताच सगळ्यांना समोर बसवून वडलांनाच बोलू द्या. पोस्टमार्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह घेत नाहीत. नेत्रदान आणि देहदान दोन्ही करता येतं, डोळे सहा तासांच्या आत. उन्हाळ्यात आपल्याकडं वेळ घालवू नका, लगेच फोन करा.

प्रश्न: मी पाचवीत आहे. आमच्या घरी बाळ झालं. डॉक्टरकाका म्हणाले बाळाला वाटी नसते. मग ते रांगणार कसं?

वाटी असते रे, फक्त अजून हाड झालेली नाही. कूर्चेची आहे, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखी वाकणारी, म्हणून एक्स-रे काढला तर दिसत नाही आणि मोठी माणसं म्हणतात नसते. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार व्हायला सुरुवात होते. रांगायला मऊ वाटीच बरी की! बाळ झोपलेलं असताना हलक्या हातानं गुडघ्यावर बोट ठेवून बघ, वाटी सापडते का ते मला लिहून कळव. आईला विचारून.